मदत हवी आहे : गावात जीप ट्रेल सुरू करायचाय, परवानगी कोण देतो? (खानापूर तालुका)

डोंगरवाट
लवकर सांगा कुणीतरी, दिवाळीच्या आत सुरू करायचंय. गावच्या वर डोंगरात जुनी बैलगाडीची वाट आहे, रविवारी बेळगाव-हुबळीची थार-जिम्नीवाली पोरं यालेत, चिखलात गाड्या फिरवालेत आणि निघून जालेत, गावात चहासुद्धा पीत नाहीत. आम्ही सात-आठ जण म्हणालोय गाडीमागं पैसे घ्यायचे, वाट दाखवायला गावचीच पोरं, जेवण घराघरातनं. दोन ऑफिसं फिरलो, हे त्याच्याकडं पाठवतंय, ते ह्याच्याकडं.

भातवाला
जांबोटीकडं की कणकुंबीकडं? आणि जमीन कुणाची ओ?

डोंगरवाट
गावचीच आहे की. परवानगीचं सांगा.

भातवाला
गावची म्हणजे काय? उताऱ्यावर मालकी आहे, गायरान आहे की फॉरेस्ट? भीमगड अभयारण्यात (२०११ ला झालं ते) येत असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, गाडी लांबच.

पिवळीप्लेट
गोव्यात कुळेला जाऊन बघा आधी. दूधसागरला पाहुण्यांच्या गाड्या आत सोडत नाहीत, तिथल्याच लोकांच्या जीपमधनं जायचं, पावसाळ्यात बंद. कोडगूत (कूर्ग) मांदलपट्टीच्या डोंगरावरही तिथल्या लोकांच्या जीप चालतात. भाडं गावात राहतंय. फक्त जीप पिवळ्या प्लेटची पाहिजे, पांढरीवर भाडं मारता येत नाही.

लाल_माती
दादा, ते धबधबा बघणारे. थारवाल्याला स्वतःच्या हातानंच चालवायचं असतंय, तो तुमच्या जीपमध्ये कशाला बसेल? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात कोळसा खाणीच्या भागात हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स आहेत. १९९६ ला राज्यानं कायदा करून प्राधिकरण केलं, २००० ला वाटा उघडल्या. जमीन बहुतेक कंपन्यांची, पण अपघाताचा दावा मालकावर येऊ नये म्हणून कायद्यात संरक्षण दिलं, म्हणून त्यांनी वाट दिली. परमिट काढूनच गाडी आत. आणि तिथल्या एटीव्ही, म्हणजे चिखलातल्या छोट्या उघड्या गाड्या, गावातल्या रस्त्यावर आणायला मुभा दिली, म्हणून पेट्रोल, जेवण, मुक्काम सगळं गावात होतंय.

पिवळीप्लेट
इथं कुठलं प्राधिकरण ओ! गाडी पलटी झाली तर पोलीस शेतमालकाच्याच दारात येणार.

झऱ्याकाठी
पावसात चाकं फिरली की तिथनं ओहोळ पडतोय, माती सगळी खालच्या भातात येते. आमच्या रानात झालंय, दोन वर्षं बांध घालालोय. जून ते सप्टेंबर बंदच ठेवा भाऊ, कितीही पैसे देऊ देत. झऱ्यावरनं तर गाडी नेऊच नका, जनावरं तिथंच पाणी पितात.

डोंगरवाट
आज उतारे काढले. वरची वाट फॉरेस्टमध्ये निघाली, ती सोडली. खालच्या काजूच्या बागा आमच्या भावकीच्या, दोनेक किलोमीटर होतंय. एक काका पुण्याला असतात, त्यांची सही लागते काय?

भातवाला
हे पहिल्यांदा सांगायचं की! उतारा सामायिक असेल तर सगळ्यांच्याच सह्या घ्या, काकांना गणपतीला बोलवा. पैशाची वाटणी पण तेव्हाच कागदावर लिहा.