नागपूरहून डॉल्फिन आणि देवमासे पाहण्यासाठी कुठे जावे?

धरमपेठकर
नाताळच्या सुट्टीत सत्तरीचे आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन समुद्रावर जाण्याचा विचार आहे. मुलीला देवमासाच पाहायचा आहे. कोकणात तो दिसण्याची शक्यता कितपत आहे, आणि होडीतील फेरी वडीलधाऱ्यांना झेपेल का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मालवणचा जावई
देवमाशाची आशा कोकणात ठेवू नये. सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्रायडीज व्हेल आढळल्याच्या नोंदी आहेत. परंतु आपल्या किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन रुंद व उथळ असल्यामुळे पर्यटकांच्या होड्या जातात तेवढ्या अंतरात ते सहसा येत नाहीत. याउलट श्रीलंकेतील मिरिसा येथे किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून तेथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात जगातील सर्वांत मोठा प्राणी, म्हणजे निळा देवमासा, एका सकाळच्या फेरीत पाहता येतो. मात्र ती फेरी खुल्या समुद्रातली आणि बरेच तास चालणारी असते, त्यामुळे आई-बाबांना घेऊन मी तरी ती करणार नाही.

तारकर्ली, देवबाग किंवा दापोलीजवळच्या मुरूड-हर्णैला दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन. ते उथळ पाण्यातच राहतात, म्हणून फेरी लहान असते. चित्रांतल्यासारख्या उंच उड्यांची अपेक्षा मात्र मुलीला आधीच सोडायला सांगावी. श्वास घेण्यासाठी ते वर येतात तेव्हा क्षणभर पाठ आणि पर दिसतो, एवढेच. वारा दुपारकडे वाढत जातो, तेव्हा सकाळची पहिलीच होडी घ्यावी. होडी लागत असल्यास गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच द्यावी, आणि जीवरक्षक जाकीट मिळाल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये. तारकर्ली-देवबागला जाण्यासाठी नागपूर–मडगाव गाडीने कुडाळला उतरणे सोयीचे पडते. ती रोज धावत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

पाणवठा
वरील माहितीत एकच भर घालतो. ताडोब्यात वाघ दिसला की जिप्सींची जी झुंबड उडते, तीच गत मी देवबागला होड्यांची पाहिली: एक पर दिसला आणि पाच होड्या चारही बाजूंनी धावल्या, मग अर्थातच सगळे डॉल्फिन बुडी मारून गायब. डॉल्फिन आवाजाच्या आधारे वाट आणि भक्ष्य शोधतात, त्यामुळे यंत्राचा गोंगाट त्यांना किती जाचत असेल याची कल्पना करावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्याच पंक्तीला आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही होडीवाल्या काकांना पाठलाग करू नका, दूर थांबून यंत्र बंद ठेवा, असे निघतानाच सांगितले. वीसेक मिनिटांनी तीन डॉल्फिन आपणहून बरेच जवळ आले.

धरमपेठकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. कुडाळची तिकिटे आजच पाहतो. मुलीला ‘देवमाशाचा धाकटा भाऊ’ असे सांगून राजी केले आहे. तिने लगेच विचारले, मग थोरला कधी?