छत्री उतरवली, आता रेडिओही काढू का?

पाखाडीखालचा (धागा काढणारा)
मे महिन्यात गावी गेलो होतो, दापोली तालुक्यात. फायबर आलंय म्हटल्यावर आईबाबांना मोठा टीव्ही घेऊन दिला आणि पत्र्यावरची दूरदर्शनच्या फुकट ‘फ्री डिश’ची छत्री उतरवून मांगरात टाकली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मला त्यांचं काही कळलंच नाही. त्या छत्रीवर बघण्यासारखं होतं काय? डब केलेले सिनेमे, ताईत-अंगठ्यांच्या जाहिराती, भोजपुरी गाणी, आणि मराठी म्हणाल तर सह्याद्री धरून बोटांवर मोजण्याइतके चॅनल.

माझं मत स्पष्ट आहे. दूरदर्शन-आकाशवाणीचं हे फुकट प्रक्षेपण आता गुंडाळावं, त्यातही रेडिओच्या मध्यम लहरी (मिडियम वेव्ह) आधी. तो पैसा मोबाईलच्या टॉवरवर घालावा. सह्याद्रीचे जुने कार्यक्रम यूट्यूबवर आहेत, आकाशवाणी ॲपवर ऐकू येते, हे दोन्ही चालवणाऱ्या प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे ओटीटी ॲप काढलंय. मग पत्र्यावर छत्री आणि पडवीत खरखरणारा डबा कशाला? पटत नसेल तर मांडा, फक्त "आमच्या वेळी" नको.

छत्रीवाला_संगमेश्वर
दादा, छत्र्या लावायचा माझा धंदा, म्हणून बाजू घेतोय असं समजा हवं तर. पण हिशोब करा. बॉक्स आणि छत्री एकदाच घ्यायची, नंतर दरमहा शून्य. २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालं तेव्हापासून हेच चाललंय. आमच्याकडे एका डोंगरावर सहा घरं, पऱ्ह्यापलीकडे चार. तिथे केबलवाला वायर ओढत नाही, तुमचा फायबरवालाही ओढणार नाही. उपग्रहाला वाडीत किती घरं आहेत ते कळत नाही, हेच त्याचं भलेपण. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, साठेक अंश वर. एवढा सह्याद्री उभा असून आड येत नाही. आड येतो तो फणस! माझ्या निम्म्या तक्रारी फणसाच्या आणि माडाच्या झावळ्यांच्या असतात.

आणि तुमची फायबरची वायर विजेच्या खांबांवरूनच आली असेल ना? पावसाळा जाऊ द्या, मग बोलू.

पाखाडीखालचा
पावसात छत्री तरी कुठे चालते? सर आली की "सिग्नल नाही".

छत्रीवाला_संगमेश्वर
ते मान्य. छत्रीवर येणारी केयू बँडची लहर पावसाच्या धारेत मरते. मोठी छत्री लावली की थोडं सावरतं, पण आषाढातल्या पावसापुढे कोणाचं काय चालतं!

हर्णैचा_तांडेल
टीव्हीचं तुमचं चालू द्या. मध्यम लहरी "आधी" बंद करा असं लिहिलंय, त्यावर बोलतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुम्ही मुंबईत असाल. आमच्याकडे छत्र्या पतंगासारख्या उडाल्या, पत्रे आंजर्ल्याच्या खाडीत, माड आडवे, विजेचे खांब माडांच्या खाली. कितीतरी वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टॉवर उभा होता, पण त्याच्या पोटात डिझेल नव्हतं. तुमचे फोन आईबाबांना लागले होते का, आठवून बघा. आमच्या पडवीत दोन सेलवरचा रेडिओ होता. काटा ५५८ वर नेला की मुंबईची अस्मिता वाहिनी लागायची. शेजारची चार घरं त्याच्याभोवती. पंचनामे कधी, मदत कोणाला, सगळं त्यावरच ऐकलं.

आता समुद्रातलं. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, पण वादळं काय बंदी बघून येतात? क्यार २०१९ च्या ऑक्टोबरात आलं, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. किनारा दिसेनासा झाला की मोबाईल मेला. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, लांब गेलं की तीही सुटते. छत्री हलत्या बोटीवर उपग्रह धरतच नाही. मध्यम लहरींना मात्र खारं पाणी मानवतं, जमिनीपेक्षा समुद्रावरून त्या लांब जातात. बोटीवर व्हीएचएफचा बिनतारी संच आहे, पण तो एकमेकांशी बोलायला.

मुद्द्याचं_बोलू
तांडेल, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण वादळ वर्षाचे चार दिवस. उरलेले दिवस ऐकतं कोण? आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र ११४३ वर मी मुद्दाम लावून बघतो. घरात एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, चार्जर, सगळ्यांची खरखर त्यात. आणि ऐकू आलंच तर बराच वेळ दुसऱ्या केंद्राचं सहक्षेपण. नव्या फोनमध्ये मध्यम लहरी नाहीत, तालुक्याच्या बाजारात तसा रेडिओ मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघतो. इशाऱ्याचं म्हणाल तर सरकारचा भोंगा आता थेट फोनवर वाजतो, २०२३ मध्ये चाचणी झाली तेव्हा सगळेच दचकले होते. धागाकर्त्याला माझा पाठिंबा.

हर्णैचा_तांडेल
भोंगा वाजायला टॉवर जिवंत लागतो ना भाऊ? आणि वादळात वीज गेली की तुमचे बल्ब, इन्व्हर्टर सगळं विझतं. मग खरखर कुठली? त्या रात्री रेडिओ जसा स्वच्छ लागतो तसा एरवी लागत नाही.

मुद्द्याचं_बोलू
हे डोक्यात आलं नव्हतं. तरी वर्षभर केंद्र चालवायचं ते त्या एका रात्रीसाठी?

हर्णैचा_तांडेल
बोटीवर लाईफ जॅकेट रोज कोण घालतं?

वेंगुर्ल्याची_वंय
तुमी सगळे वादळातच अडाकलास. माझ्या आवशीक वाचूक येणा नाय. ॲप ती कशी उघडतली? रेडिओचो कान पिळलो की काम झाला. सकाळी पणजी केंद्र लागता, कोकणी गाणी आयकत ती मासळी कापता. तिका सांगलय, आता वेव्हज इला, तर ती दर्याकडे बघूक लागली!

निवृत्त_गुरुजी
दोन वेगळी जनावरं एकाच दावणीला बांधून भांडताय तुम्ही. छत्री फुकट दिसते, पण त्यावरच्या खासगी चॅनलांना जागा लिलावात घ्यावी लागते. त्यांना परवडेनासं झालं, किंवा वर्गणीवाला प्रेक्षक हातचा जाईल असं वाटलं, की ते निघून जातात. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल एकदम गेले, तेव्हा आमच्या आळीत सुतक असल्यासारखं झालं होतं. म्हणजे गरिबाने काय पाहायचं ते शेवटी दुकानदारच ठरवतो. त्या छत्रीसाठी मी जीव टाकणार नाही.

एक अपवाद करतो, क्रिकेट. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिशपुरतं ठेवलं. त्यामुळे महिन्याला पैसे भरून केबल बघणारे सामन्याच्या दिवशी छत्रीवाल्याच्या ओटीवर येऊन बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. (चहा मात्र यजमानाचाच.)

रेडिओचं तसं नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. तेव्हा मूळ केंद्र मिटवलंत तर रेडिओवर बातमी उरते कुठे? मुद्द्याचं_बोलू यांची सहक्षेपणाची तक्रार खरी आहे, पण ती केंद्र चांगलं चालवण्याची मागणी झाली, बंद करण्याची नव्हे.

पाखाडीखालचा
काल बाबांना फोन केला. रागाचं कारण भलतंच निघालं. त्यांचा जुना रेडिओ निसर्गमध्येच भिजून गेला होता, मला कोणी सांगितलंही नाही. फ्री डिशवर आकाशवाणीची केंद्रंही लागतात म्हणे. बाबा पहाटे टीव्ही लावायचे, पडद्याकडे पाठ करून, आणि भजनं-बातम्या ऐकत सुपाऱ्या सोलायचे. मी त्यांचा रेडिओच उतरवला होता!

टॉवरचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. ओटीटीपेक्षा छत्री चांगली असंही म्हणणार नाही. पण "मध्यम लहरी आधी" हे मागे घेतो. छत्रीवाले दादा, दापोलीपर्यंत येता का? गणपतीत मी गावी आहे.

छत्रीवाला_संगमेश्वर
गणपतीत मला शिंकायला वेळ नसतो, सगळे चाकरमानी तेव्हाच बोलावतात. दापोलीत माझा चुलतभाऊ हेच काम करतो, त्याला आगोटीआधी, पाऊस लागायच्या आत पाठवतो. सोबत सेलवरचा एक रेडिओही द्यायला सांगतो. आणि घराच्या कुठल्या अंगाला फणस आहे तेवढं आधी कळवा.

पाखाडीखालचा
आग्नेयेलाच.