ओटीडीआरवर (फायबरमध्ये प्रकाश सोडून मागे परतणाऱ्या प्रकाशावरून लॉस मोजणारं यंत्र) स्प्लाइस लॉस (फायबरच्या सांध्यात होणारी प्रकाशाची घट) निगेटिव्ह दिसतोय, सांधा पुन्हा मारायचा का?

चेंबर_24एफ
18 किमी केबल, 24 फायबर, जी.652डी (नेहमीचं सिंगल-मोड फायबर), 2 किमीचे ड्रम. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीवर ए टोकाकडून चौथ्या जॉइंटला फायबर 9 वर −0.15 डीबी दिसतो, ट्रेस (ओटीडीआरचा आलेख) तिथे चक्क वर चढतो. क्लोजर (सांधे ठेवायची पेटी) अजून उघडाच आहे. सांधा तोडून पुन्हा मारायला सांगू का?

लाँचकेबल
हात लावू नका. सांध्यात प्रकाश वाढत नसतो. दोन ड्रमच्या फायबरचा मोड फील्ड व्यास (फायबरमध्ये प्रकाश जेवढ्या रुंदीत पसरतो तो) किंचित वेगळा असला की पुढच्या फायबरमधून जास्त प्रकाश मागे परततो आणि ओटीडीआर त्याला गेन समजतो. हाच सांधा बी टोकाकडून फुगवलेला लॉस दाखवेल. दोन्हींची सरासरी हाच खरा आकडा.

मोजताना दोन्ही टोकांना 1-1 किमीची लाँच केबल (मोजण्यापुरती टोकाला जोडायची जादा फायबर) हवीच, नाहीतर पहिला आणि शेवटचा कनेक्टर मोजलाच जात नाही. पल्स (ओटीडीआर सोडतो तो प्रकाशाचा झोत) 100 ते 300 नॅनोसेकंद ठेवा.

चेंबर_24एफ
बी कडून 0.29 आला.

लाँचकेबल
(0.29 − 0.15) ÷ 2 = 0.07. मर्यादा 0.1 ची असेल तर सांधा पास. चांगले सांधे तोडत बसलं की ट्रेमधली (क्लोजरमधली फायबर गुंडाळून ठेवायची तबकडी) फायबरची राखीव लांबी संपते, ते जास्त महागात पडतं.

ट्रे_आणि_स्लीव्ह
क्लोजर बंद करण्याआधी 1310 नॅनोमीटरवरही माप घ्या. 1550 ला लॉस जास्त आणि 1310 ला कमी असेल तर सांधा ठीक आहे, फायबर ट्रेमध्ये कुठेतरी वाकलंय. वळणाची त्रिज्या 30 मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. ट्रेच्या झाकणाखाली फायबर दबलंय का, तेही बघा.

मीटरमार्किंग
हँडओव्हर फाइलमध्ये नुसते ट्रेस देऊ नका. लूज ट्यूबमध्ये (फायबर सैल ठेवणारी केबलमधली नळी) फायबर केबलपेक्षा लांब असतं, शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये केबलचा कॉइल ठेवलेला असतो. त्यामुळे ओटीडीआरचं अंतर रस्त्यावरच्या अंतराशी कधीच जुळत नाही आणि फॉल्टच्या वेळी खड्डा भलतीकडे पडतो. प्रत्येक जॉइंटला दोन्ही केबलच्या शीथवरचं (बाहेरच्या आवरणावरचं) मीटर मार्किंग, कॉइलची लांबी, ड्रम नंबर, ट्यूब आणि फायबरचे रंग, जीपीएस आणि उघड्या ट्रेचा फोटो हवा. ओटीडीआरला दिलेला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सही (फायबरमधला प्रकाशाचा वेग ठरवणारा आकडा) लिहा, तो बदलला की सगळी अंतरं सरकतात.

पॉवर मीटरने एकूण लॉस वेगळा मोजा. तुमच्या रूटचं 1550 चं बजेट (जास्तीत जास्त चालणारा लॉस): 18 किमी × 0.22 डीबी = 3.96, आठ जॉइंट आणि दोन पिगटेल (कनेक्टर लावलेले फायबरचे तुकडे, टोकांना जोडलेले) मिळून 10 × 0.1 = 1.0, दोन कनेक्टर 2 × 0.5 = 1.0. एकूण 5.96 डीबी. प्रत्येक फायबर याच्या आत बसलं पाहिजे.