उघड्या गच्चीवरचं रेस्टॉरंट, रात्री 10 नंतर स्पीकर: किती डेसिबल दाखवले की कारवाई होते?

प्रश्न: पुणे. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर रेस्टॉरंट आहे, बेडरूमच्या खिडकीपासून जेमतेम 25 मीटर. रात्री 12 पर्यंत स्पीकर. मोबाईल अ‍ॅपवर 58-60 डेसिबल येतात. पोलीस आले की आवाज कमी, गेले की पुन्हा तेच. किती आकडा लागतो?

उत्तर 1: स्पीकरसाठी आकड्याच्या मागे लागूच नका. ध्वनिप्रदूषण नियम 2000 मधला नियम 5(2) बघा. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर फक्त बंदिस्त जागेत चालतो. वर पत्रा टाकला तरी बाजू उघड्या असलेली गच्ची बंदिस्त होत नाही. सणासुदीला सरकार 12 पर्यंत सूट देतं, तीही वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस. म्हणून 112 वर "खूप आवाज येतोय" एवढंच सांगू नका. "उघड्या गच्चीवर 10 नंतर स्पीकर चालू आहे" असं सांगा. कॉलची तारीख-वेळ लिहून ठेवा. असे तीन-चार कॉल झाले की सगळ्यांची यादी जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकेकटा कॉल तिथेच मिटतो, यादी मिटत नाही.

उत्तर 2: वरचं बरोबर, पण गिऱ्हाइकांचा गलका आणि किचनचा ब्लोअर 5(2) मध्ये बसत नाहीत. तिथे मोजणी लागतेच. रात्रीची मर्यादा रहिवासी भागात 45, व्यापारी भागात 55, म्हणून आधी आपला भाग कशात मोडतो ते पाहा. ही मर्यादा सरासरीची आहे; एक बुलेट गेली की कमाल आकडा उडतो, त्याला अर्थ नाही. रेस्टॉरंट बंद असतानाचंही रीडिंग घ्या, नाहीतर "हा रस्त्याचा आवाज" असं उत्तर मिळतं. अ‍ॅप स्वतःच्या नोंदीपुरतं ठीक, तक्रारीत अधिकृत मोजणीच मागा.

प्रश्नकर्ता: खिडक्या बंद केल्या तरी धडधड येतेच, आकडा मात्र कमी दिसतो. असं का?

उत्तर 3: तो बेस, म्हणजे संगीतातले खालचे, धडधडणारे स्वर. नेहमीचं 'ए' मापन खालच्या स्वरांना फार कमी वजन देतं. मीटर 'सी'वर टाका, त्यात खालचे स्वर जवळजवळ पूर्ण धरले जातात. दोन्हींत 15-20 डेसिबलचा फरक आला तर दोष सबवूफरचा (बेससाठीचा वेगळा स्पीकर). काचेला आणि भिंतीला तो फारसा अडत नाही. कुंड्या, बांबूचे पडदे यांनी काहीच होत नाही, त्यावर मालकाला खर्च करायला लावू नका. 10 च्या आधीच्या वेळेसाठी मालकाकडे हे मागा: सबवूफर काढा, 100 हर्ट्झच्या खालचे स्वर कापा, दोन मोठ्या स्पीकरऐवजी टेबलांच्या वर खाली तोंड केलेले छोटे स्पीकर लावा, आणि लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं उपकरण) कुलूपबंद ठेवा. लिमिटर उघडा राहिला तर गर्दी वाढली की कुणीतरी आवाज चढवतोच.