देवाकडे मागितलं काय? पॉल सायमनच्या अल्बमवरून घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ताई (रत्नागिरी): अमेरिकन गायक पॉल सायमनच्या 'सेव्हन साम्स'ची (म्हणजे सात स्तोत्रं) लिंक टाकली होती, ऐकलंत का कुणी? अल्बम मे २०२३ मधला, पण मी नीट ऐकला तो या पावसात. भाग सात आहेत, पण सगळं मिळून ३३ मिनिटांचा एकच सलग ट्रॅक. आवडतं तेवढं उचलून ऐकायची सोय त्याने मुद्दामच ठेवलेली नाही. तेव्हा जरा वेळ काढून बसा.

भाऊकाका (वेंगुर्ले): आयकलंय गो. खरा सांगू? माका नाय आवाडला. ह्याच माणसाची 'ग्रेसलँड'ची कॅसेट तुझ्या बापाशीन मुंबैसून हाडल्यान. ती लावली काय पोरां खळ्यात नाचत. हेच्यात ढोल नाय, काय नाय. गिटार आणि पुटपुटणा. अर्ध्यार डोळो लागलो.

दादा (कणकवली): काकांचं बरोबर आहे. ग्रेसलँड १९८६ चा. दक्षिण आफ्रिकेतले वादक, लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या तिथल्या गायकवृंदाचे आवाज, बकिथी कुमालोचा बास. तिथल्या वर्णभेदी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार असताना हा गेलाच का, म्हणून त्याला शिव्याही खूप पडल्या. पण संगीत असं की पाय थांबत नाहीत. मग १९९० च्या अल्बमला ब्राझीलच्या ओलोडम या पथकाचे ढोल. ठेका एवढा कळणाऱ्या माणसाने ठेकाच बाजूला ठेवला तर आमच्यासारख्याने काय धरून बसायचं? मी डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, जाणारा माणूस. बुवांनी कितीही गंभीर अभंग घेतला तरी शेवटी गजर लागतो, पखवाज चढत जातो. इथे मी वाटच बघत राहिलो. चढलंच नाही.

वहिनी (कणकवली): मला आवडलं. सकाळी घावणे घालताना लावलं होतं, गॅस बंद केला तरी तिथेच उभी राहून ऐकत होते. शब्द सगळे कळले नाहीत. पण आवाज थकलाय आणि तो त्याने लपवलेला नाही, हे मला फार भावलं. किती वर्षांचा होता तो तेव्हा?

ताई: ८१. ऑक्टोबर १९४१ चा जन्म.

छोटी (मुंबई): दादामामा, तू फोनच्या स्पीकरवर ऐकलंस ना? मग तुला अर्धं ऐकूच आलं नसणार. हेडफोन लाव. तारेवरून बोट सरकतं त्याची किरकिर येते, ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा येतो. मी साउंडचं शिकते म्हणून सांगते, हे आवाज मिक्सिंगच्या वेळी सहज काढून टाकता येतात. इथे राहू दिलेत. आणि नुसती गिटार नाही. घंटांसारखे नाद आहेत, इंग्लंडचा व्होसेस एट हा गायकवृंद आहे. सगळं इतकं हळू आवाजात ठेवलंय की कान जवळ न्यावा लागतो.

दादा: हेडफोन लावूनही ठेका येणार नाही ना?

छोटी: नाही. तो नाहीच.

माई आत्या (मिऱ्या): मी दोनदा ऐकलं. सुरुवातीलाच तो म्हणतो ना, देव म्हणजे वर चढत जाणारा समुद्र? ते मला मुळीच आवडलं नाही. तुम्ही ऐकताय खिडक्या लावून. आमच्या दारात उधाण येतं तेव्हा बंधाऱ्याचे दगड एकमेकांवर आपटतात, रात्रभर झोप नसते. दरवर्षी धूप होते, माडाची मुळं उघडी पडतात. त्या पाण्याला मी देव नाही म्हणणार. नारळी पौर्णिमेला नारळ देते तो त्याने शांत राहावं म्हणून.

ताई: आत्या, तुझं हे वाचून मी तो भाग पुन्हा ऐकला. ती ओळ एकटी येत नाही गं. आधी तो म्हणतो, देव म्हणजे गरिबातल्या गरिबाच्या पुढ्यातलं जेवण, परक्यासाठी उघडलेलं दार. स्वतःच्या धंद्यातलीही उपमा देतो, देव माझा रेकॉर्ड प्रोड्यूसर आहे म्हणतो. त्याच दमात कोविडचा विषाणूही देवच आणि चढणारा समुद्रही देवच. गोड तेवढं देवाच्या नावावर आणि वाईट दुसऱ्या कुणाच्या, असं त्याने केलेलं नाही. मला त्यात धाडस वाटलं. पण मिऱ्यावर राहणाऱ्या बाईला ते का टोचावं हे मला कळतं, आणि तू चुकतेस असं मी म्हणणार नाही.

आता माझं सविस्तर लिहिते, लांब होईल.

या माणसाने सप्टेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जिथे तो वाढला तिथेच, निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम केला होता. नवीन काही लिहायचा विचार नव्हता. १५ जानेवारी २०१९ च्या रात्री त्याला स्वप्न पडलं, त्यात त्याला सांगितलं गेलं की तू 'सेव्हन साम्स' नावाची रचना करतो आहेस. त्याने उठून तारखेसकट लिहून ठेवलं. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा साडेतीन ते पाचच्या दरम्यान जाग यायची आणि शब्द सुचायचे. आपल्याकडे काकड आरतीला माणसं उठतात तीच ही वेळ. पण घरात त्या वेळेला कुणी मोठ्याने गात नाही, घर झोपलेलं असतं. अल्बमचा आवाज एवढा खाली का आहे याचं उत्तर मला तरी यात मिळालं. दादा, तू गजराची वाट बघत बसलास, पण ही मंडपातली बारी नाहीच. पहाटे एकट्याने म्हटलेलं आहे.

त्यात काम चालू असतानाच डाव्या कानाची ऐकण्याची शक्ती जवळजवळ गेली. गाणाऱ्या माणसाचा एक कान जाणं म्हणजे काय ते छोटीला विचारा. तरी पुरं केलं.

छोटी: एका कानाने आवाज कुठून येतोय हेच कळत नाही. सोबत वादक असतील तर कोण कुठे आहे, आपला सूर त्यांच्यात बसतोय का, सगळंच चाचपडत करावं लागतं.

भाऊकाका: ह्या सगळा मान्य. पण माझा म्हणणा येगळा आसा. आपण देवळात गाऱ्हाणा घालतो तेव्हा काय म्हणतो? "बा देवा म्हाराजा, काय चूकमाक झाली आसात तर माफ कर, लेकराबाळांक सुखी ठेव, इडापिडा टाळ." आणि मागसून सगळे, "व्हय म्हाराजा!" देवाकडे गेल्यार मागूक व्हया. हो बाबा देवाचा नाव घेता, देव अमको, देव तमको, पण मागता काय? मागणा नाय तर ता गाऱ्हाणा कसला? म्हणान माका झोप इली.

वहिनी: काका, हे मात्र पटलं.

ताई: काका, इतक्या वेळात अल्बमवर कुणी बोललेलं सगळ्यात नेमकं हे आहे. मला मधला भाग सैल वाटत होता, का ते सापडत नव्हतं. तिथे तो जगाबद्दल बोलत राहतो, बरं बोलतो, पण त्याला स्वतःला काही हवं असतं असं वाटत नाही. ज्वालामुखींच्या वाटेवरून निघालेल्या निर्वासितांबद्दलचा भाग मला सुंदर वाटला, पण तोसुद्धा लांबून पाहिल्यासारखा.

पण काका, तुम्हाला डोळा लागला तो अर्ध्यावर. मागणं त्यानंतर येतं. एका भागात तो क्षमेबद्दल गातो. आणि अगदी शेवटी, 'वेट' या भागात, सरळ म्हणतो की थांब, मी अजून तयार नाही, सामान बांधतोच आहे. एवढंच मागणं, थोडा वेळ. ८१ वर्षांचा माणूस देवाला थांबायला सांगतोय. शेवटच्या दोन भागांत त्याची बायको एडी ब्रिकेल त्याच्या सोबत गाते. त्याआधी मुख्यतः त्याचाच आवाज ऐकलेला असतो, त्यामुळे तिचा आवाज आला की पोटात कालवतं. दोघं शेवटी 'आमेन' म्हणतात आणि अल्बम संपतो. तुमचं "व्हय म्हाराजा" तिथे आहे, काका. फक्त गावकऱ्यांच्या ऐवजी म्हणणारी एकटी बायको आहे.

म्हणून मी म्हणत होते की मध्ये थांबवू नका. शेवटचा तुकडा कुणी एकटा ऐकवला तर साधं अंगाईसारखं गाणं वाटेल. आधीचं सगळं सोसून तिथे पोचलो की त्या थोड्या वेळाच्या मागणीचं वजन कळतं. मधलं सैल आहे हे मी कबूल करते, तरी ते कापून टाका असं म्हणणार नाही.

माई आत्या: सामान बांधतोय हे मला कळलं नव्हतं. मी ते गाणं प्रवासाचं समजले होते. पुन्हा ऐकते. पण समुद्राचं मी सोडणार नाही.

भाऊकाका: बायको शेवटाक गाता, ह्या तू पयलाच सांगूचा होतास. आज रातीक फुडचो अर्धो आयकतंय. पण पयलो अर्धो माका लांबलेलोच वाटता, ता काय बदलूचा नाय.

दादा: एक विचारू? निरोप घेतला होता तर हे त्याने लोकांसमोर कधी गायलंच नाही का?

छोटी: गायलं ना. २०२५ मध्ये छोट्या छोट्या थिएटरांमधून दौरा केला. पहिल्या अर्ध्यात हा अल्बम सलग, मध्यंतरानंतर जुनी गाणी. मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे काही कार्यक्रम रद्द करावे लागले.

दादा: म्हणजे आधी हे सगळं शांत बसून ऐकायचं आणि मग जुनी गाणी. हे चालेल मला. असंच ऐकायला पाहिजे होतं. काका, तुमचं रात्री ऐकून झालं की ग्रेसलँड लावा आणि मला फोन करा.

भाऊकाका: करतंय. जागो ऱ्हव.