रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि अंगावरचे निळे डाग : तुमचे अनुभव

खिडकीशेजारी :
धागा काढण्यास कारण की, काल लोकलमध्ये समोरच्या आजोबांच्या मनगटावर जांभळा डाग दिसला. रुपयाएवढा, कडेने पिवळट पडत चाललेला. बाबा आठवले. 2014 मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) टाकली. तेव्हापासून इकोस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिन) कायमची, सोबत वर्षभर क्लोपिडोग्रेल, तीही रक्त पातळ करायचीच. दाराच्या कडीला कोपर नुसतं लागलं तरी रक्त साकळायचं. एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "काय हो, सूनबाई मारते की काय?" सगळे हसले, बाबाही हसले. दुसऱ्या दिवसापासून भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, शर्ट अजून कपाटात आहेत. तुमच्याकडे कोण घेतं या गोळ्या? लिहा.

चुडेवाली :
मी. 31व्या वर्षी हृदयाची झडप बदलली, लहानपणच्या सांधेतापाची देणगी. धातूची मायट्रल, म्हणून अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) अडीच ते साडेतीन ठेवायचा. दिराच्या लग्नात चुडा भरायला बसले. कासारमामांनी नेहमीसारखा हात चेपून चेपून बांगड्या चढवल्या, संध्याकाळी पंजा वांग्यासारखा. आता दोन-चारऐवजी दोन-सहा घेते. खळखळ वाजतात. सासूबाई म्हणतात, बरंय, मांजर कुठे फिरतंय ते कळतं.

निवांत नाना :
दाढी. इलेक्ट्रिक मशीन घ्या. बास.

चिऊ२ :
@चुडेवाली सासूबाई भारी आहेत तुमच्या 😂 पालेभाजी बंद केलीत का? आईला शेजारणीने सांगितलंय मेथी, पालक सगळं सोड.

चुडेवाली :
नाही गं. पालेभाजीने या गोळीचा असर कमी होतो, पण सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. मी गौरीच्या वेळी माहेरी चार दिवस अळूवड्या आणि अळूचं फतफतं चापलं, पुढच्या तपासणीत आयएनआर 1.6. डॉक्टरांनी आधी विचारलं गोळी चुकवली का, मग विचारलं काय खाल्लं.

कुकर_शिट्टी :
(भाजी फोडणीला टाकून लिहितेय.) विनोद बाजूला ठेवून एक. सासऱ्यांचा गुडघा दुखायचा. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली, डायक्लोफेनॅक, आठ दिवस घेतली. इकोस्प्रिन चालूच. अंगावरचे डाग वाढले, त्याकडे कुणी बघितलं नाही. मग शौचाला डांबरासारखं काळं, म्हणजे पोटात रक्तस्राव. चार दिवस दवाखाना, दोन बाटल्या रक्त. त्या मेडिकलवाल्यानेही विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. हातावरचे डाग दिसतात तरी, पोटातलं कोण बघणार.

वाचनमात्र :
बापरे. काळजी घ्या.

रिटायर्ड_कंपाउंडर :
अ‍ॅस्पिरिन ज्या प्लेटलेटला (रक्त गोठवणाऱ्या पेशीला) धरते ती मरेपर्यंत कामाला येत नाही, आणि ती जगते सात ते दहा दिवस. म्हणून एक दिवस गोळी चुकवून डाग जात नाहीत. शिवाय म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, खालच्या बारीक शिरा लगेच फुटतात. लहानसहान डागांना घाबरू नका. पण डोकं आपटलं तर वरून काही दिसो न दिसो, थेट हॉस्पिटल. आणि दात काढायचाय म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. आमच्या गल्लीतल्या एकाने स्टेंटनंतर तिसऱ्या महिन्यात केलं होतं, स्टेंट बंद पडली.

निवांत नाना :
वॉरफरिन, अ‍ॅसिट्रॉमसारखंच रक्त पातळ करणारं, आधी उंदीर मारायचं औषध होतं, 1948 पासून. 1955 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही दिलं होतं.

कुकर_शिट्टी :
नाना, हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, तरीच आपल्या घरात उंदीर येत नाही.

परदेशी_पाटील :
इथे न्यू जर्सीत बाबा आले होते, एपिक्साबान (हीही रक्त पातळ करायची गोळी) चालू. कुणी विचारायच्या आत स्वतःच डाग दाखवायचे, क्रिकेटमध्ये लागला म्हणायचे. वय 78. अवांतर : @खिडकीशेजारी तू डोंबिवलीचा का? नवव्या वर्गात माझ्या पुढच्या बाकावर होतास बहुतेक.

खिडकीशेजारी :
अरे!! व्यनि करतो. @कुकर_शिट्टी आईचेही गुडघे दुखतात, तीही बाबांसारखीच इकोस्प्रिनवर. आत्ता उठून तिचा गोळ्यांचा डबा बघितला. दुखण्याची एक पट्टी निघाली, अर्धी संपलेली. विचारलं तर म्हणते, "ती होय, ती तर साधी आहे."

चिऊ२ :
उद्याच डॉक्टरांना दाखव रे. @चुडेवाली अळूच्या फतफत्यात चिंच घालता की आमसूल? आमच्याकडे यावरून भांडण चालू आहे.