नुकताच कोणता गेम संपवलात? आणि संपल्यावर कसं वाटलं?

रानवाट:
परवा रात्री रेड डेड रिडेम्प्शन २ संपवला. पुढे स्पॉयलर आहेत, म्हणजे गोष्ट फुटेल, ज्यांना खेळायचाय त्यांनी थेट खाली जा.

गेम २०१८ चा, मी आत्ता सेलमध्ये घेतला, आणि चार महिने लागले कारण रात्री जेवणं उरकल्यावर जेमतेम तासभर मिळतो. दरोडेखोरांची गोष्ट म्हणून सुरू केला आणि डोक्यात राहिला तो आर्थरचा, म्हणजे आपण ज्याला खेळवतो त्या दरोडेखोराचा, खोकला. सुरुवातीला तो एका आजारी माणसाकडे कर्जवसुलीला जातो, त्याला मारतो, तो माणूस ह्याच्या तोंडावर खोकतो, तेव्हा मी लक्षसुद्धा दिलं नव्हतं. मग कितीतरी तासांनी गेममधल्या सेंट डेनिस शहराच्या रस्त्यात आर्थर कोसळतो आणि डॉक्टर सांगतो टीबी आहे, कोरड्या गरम हवेत जा, आराम कर. बस, एवढंच. गोष्ट १८९९ ची, जंतू सापडून १७ वर्षं झाली होती पण औषध काहीच नव्हतं.

तो सीन चालू असताना आजी मागे शेंगा सोलत बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण म्हणाली, "क्षय झालाय ना रे ह्याला?" आणि मग तिच्या थोरल्या भावाचं सांगायला लागली, मिरजेला वानलेसवाडीत, क्षयाच्या दवाखान्यात ठेवला होता, भेटायला गेलं की लांबूनच बोलायचं, आईने नेलेला डबा कोणीतरी आत नेऊन द्यायचं. हे आमच्या घरात मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर उरलेला गेम घाईत खेळवेचना.

आणि शेवटी घोडा. गोळी लागून पडतो, मागे माणसं लागलेली आहेत, तरी आर्थर खाली बसतो, त्याच्या मानेवरून हात फिरवतो आणि थँक यू म्हणतो. मी पहिल्यापासून एकच घोडा ठेवला होता, रोज कॅम्पात आलो की आधी खरारा, मग बाकी सगळं. कंट्रोलर खाली ठेवून बसून राहिलो.

खटकलं एकच, एवढं मोठं मोकळं रान दिलंय पण मिशन सुरू झालं की बोट धरून चालवतात, जरा वेगळी वाट धरली की फेल.

तुम्ही काय संपवलंत? आणि आता काहीतरी छोटं सुचवा, परत चार महिने नकोत.

आंबोळी:
राजी: ॲन एन्शंट एपिक घ्या, पाच-सहा तासांत होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलाय, २०२० साली आला. सर्कशीतली पोरगी, तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला राक्षस पळवून नेतात, आणि वरून दुर्गा आणि विष्णू हिच्याबद्दल बोलत असतात, तीच गोष्ट सांगतात. पोरगी डोंबाऱ्याच्या पोरीसारखी चपळ, भिंतीवर धावते, खांबाला गिरकी मारून त्रिशूळ घालते, ते करायला फार मजा येते.

मला सगळ्यात भिडले ते मधले सीन, बाहुल्यांच्या सावल्यांतून दाखवलेत. आमच्या कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे दिव्यापुढे धरून रामायण सांगतात, लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून बघितलंय, त्यामुळे पहिल्याच सीनला अंगावर काटा आला. गेममध्ये आपल्याकडचं असं काही दिसेल असं मला वाटलंच नव्हतं.

शेवट मात्र तुटक आहे. भरल्या ताटावरून उठवल्यासारखं वाटतं. आणि कॅमेरा फिरवता येत नाही म्हणून काही उड्या चुकतात.

वहीपेन:
मी रिटर्न ऑफ द ओब्रा डिन संपवला, तुमच्या आर्थरवरून त्यातलंच एक आठवलं. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज परत येतं आणि वर जिवंत माणूस एक नाही. आपण विम्याच्या बाजूने तपासायला जायचं, ६० जणांपैकी प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं ते वहीत भरायचं. हातातलं घड्याळ प्रेताजवळ धरलं की मरतानाचा क्षण दिसतो, गोठलेला, आपण त्यात फिरायचं. तिघांचं बरोबर आलं की मगच गेम ते पक्कं करतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही.

खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवर नंबर असतात आणि यादीतही नंबर, हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं. तेव्हा जो आनंद झाला! यादीत मूळ देश भारत लिहिलेले खलाशीही आहेत, त्यातले दोघं प्रवासाच्या सुरुवातीलाच छातीच्या आजाराने जातात. पुढे एवढं भयानक काय काय घडतं, पण मला ती दोघंच सारखी आठवतात, कारण त्यांच्या बाजूने बोलणारं तिथे कोणीच नसतं. लुकास पोपने जवळपास एकट्याने केलाय हा गेम, फक्त काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत, आणि तरी माणसं ओळखू येतात.

सांजवारा:
रानवाट, मी रेड डेड सुरुवातीच्या त्या बर्फातच सोडला, फारच रेंगाळतो. पुढे सुधारतो का?

रानवाट:
सांजवारा, बर्फातून खाली उतरलात की श्वास मोकळा होतो, तेवढं दोन-तीन तास सोसा. पण घाई असेल तर नका घेऊ, तो सावकाशीचाच गेम आहे.

वहीपेन, ओब्रा डिन यादीत टाकला. आंबोळी, राजी घेतला आत्ताच, शनिवारी सुरू करतो. आजीला त्या बाहुल्या दाखवायच्या आहेत.